तान्ह्या बाळाचे अंथरूण आणि जोडपाळणा

घरात बाळ येणार असे कळले की तयारी सुरू होते. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली जातात, लंगोट बेतले जातात, बारशाला पाळणा कोणाकडून आणायचा याची चर्चा होते. परंतु बाळंतीण घरी आल्यावर पहिल्या रात्री बाळ नेमके कोठे झोपेल, याचा विचार बहुधा आयत्या वेळीच होतो. नवजात अर्भक दिवसरात्र मिळून सोळाएक तास झोपते. म्हणजे त्याच्या पहिल्या महिन्यांचा बहुतेक काळ अंथरुणावरच जातो. त्या अंथरुणाचा थोडा अभ्यास करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अलीकडे शहरातील दुकानांत व ऑनलाइन विक्रीत एक नव्या धर्तीचा पाळणा दिसतो. त्याला बेडसाइड क्रिब किंवा को-स्लीपर म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला जोडपाळणा म्हणू. त्याच्या तीन बाजूंना उंच कठडा किंवा जाळी असते आणि चौथी बाजू बुटकी असते. ती बुटकी बाजू आईच्या पलंगाला भिडवून पट्ट्यांनी घट्ट आवळायची. बाळ आईच्या हाताच्या अंतरावर राहते, रात्री पाजायला उठून जावे लागत नाही, आणि तरीही बाळाची जागा स्वतंत्र राहते. यातील 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे.

तो का महत्त्वाचा, हे समजून घेण्यासाठी बाळाच्या शरीराकडे पाहावे लागते. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. नाकावर गोधडी आली किंवा तोंड मऊ गादीत रुतले, तर त्याला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. अशा वेळी ते स्वतःच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेते व प्राणवायू कमी पडत जातो. यात आवाज होत नाही, रडणे नसते. शेजारी झोपलेल्या आईलाही कळत नाही.

पाश्चात्त्य देशांत पूर्वी बाळाला पालथे झोपवण्याचा प्रघात होता आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या मोठी होती. १९९१ साली ब्रिटनमध्ये बाळाला उताणे झोपवा अशी मोहीम निघाली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली पालथे झोपवू नका असा सल्ला दिला व १९९४ पासून तेथे देशव्यापी प्रचार झाला. पुढील वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. औषध नाही, लस नाही, केवळ बाळाला पाठीवर ठेवणे! विद्यार्थी मित्रांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे. याच अकादमीने २०२२ साली आपला सल्ला सुधारून पुन्हा मांडला : बाळ उताणे, सपाट व घट्ट गादीवर, आईबापांच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर, निदान पहिले सहा महिने.

यावर घरातील ज्येष्ठ मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, उताणे ठेवले आणि दूध उलटले तर बाळाला ठसका लागून श्वास अडकेल. प्रत्यक्षात पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढावे लागते. पालथ्या बाळात श्वासनलिका खाली येते, म्हणजे धोका उलट तेथेच अधिक. दुसरा आक्षेप असा की, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मूल आईच्या कुशीतच झोपत आले. हे खरे आहे व तो हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. पण आजी ज्या अंथरुणावर झोपत होती ते चटई आणि सतरंजीचे होते. आज पलंगावर रुतणारी फोमची गादी आहे, जाड ब्लँकेट आहे, आणि अनेक घरांत एकाच पलंगावर तिघे-चौघे झोपतात. आई-वडिलांपैकी कोणी दारू प्यालेले असेल, बिडी-सिगारेट ओढत असेल, झोपेची गोळी घेत असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे वा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, तर एका अंथरुणात झोपणे फारच धोक्याचे ठरते. हे स्पष्टपणे लिहिलेच पाहिजे, कारण घरात याविषयी कोणी बोलत नाही.

आता निवड. दुकानात गेल्यावर रंग, झालर, चाके, लटकणारी खेळणी यांकडे प्रथम लक्ष जाते. माझ्या मते ते सर्वांत शेवटी पाहावे. प्रथम घरच्या पलंगाची उंची टेपने मोजून न्यावी, गादीसकट. जोडपाळण्याची बुटकी कड आणि आईच्या गादीचा वरचा पृष्ठभाग समपातळीत यायला हवेत, व बाळाची गादी त्या कडेच्या खाली बसायला हवी. म्हणजे बाळ घरंगळून मोठ्या गादीवर जाणार नाही. आपल्याकडे एक खास अडचण येते. पुष्कळ जोडपाळण्यांचे पाय पलंगाखाली सरकवायचे असतात, आणि आपल्या घरांत बहुधा खाली पेटी असलेला दिवाण असतो. तेथे पाय जातच नाहीत व पाळणा चार बोटे दूर राहतो. ही चार बोटांची फटच घातक. बाळ त्यात सरकले की मान अडकते किंवा चेहरा दाबला जातो. फटीत टॉवेल किंवा उशी कोंबून काम भागवणाऱ्या अनेकांना मी पाहिले आहे. टॉवेल दाबला जातो, सरकतो आणि फट पुन्हा उघडते. फट मुळीच न राहता बसत नसेल, तर तो पाळणा आपल्या घरासाठी नव्हे असे समजून परत करावा. कापसाची गादी वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. ती दोन महिन्यांत बसते आणि पातळी बदलते. म्हणून पट्ट्या व पातळी रोज रात्री एकदा हाताने चाचपावी.

पाळण्याची गादी तळहाताने दाबावी. हात उचलताच ती लगेच पूर्ववत झाली तर ठीक. हाताचा ठसा राहिला तर नको. सोबत आलेलीच गादी वापरावी, वर दुसरी मऊ गादी घालू नये. लाकडी गज असतील तर दोन गजांतील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे.

आत काय ठेवावे? ताणून बसवलेली एक चादर आणि बाळ. बस्स. उशी नको, लोड नको, कापडी बाहुली नको, कडेने लावायच्या मऊ गाद्या तर नकोतच. येथे आपल्या मोहरीच्या उशीचा प्रश्न येतो. डोके गोल यावे म्हणून ती मोठ्या मायेने शिवली जाते. उशीने मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. डोके चपटे होऊ नये यासाठी साधा उपाय आहे : बाळ जागे असताना, कोणी समोर बसलेले असताना, त्याला दिवसातून थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. मान बळकट होते, डोक्यावरचा दाबही बदलतो. तिरप्या पाळण्यांनाही हनुवटीचाच नियम लागू. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एका प्रकारचे सुमारे ४७ लाख तिरपे पाळणे बाळांच्या मृत्यूंमुळे परत मागवावे लागले, आणि २०२२ साली तेथे दहा अंशांपेक्षा अधिक उताराच्या झोपण्याच्या साधनांवर कायद्याने बंदी आली. ओकारी होते म्हणून पाळण्याच्या एका पायाखाली वीट ठेवणे, हा घरगुती उपायही त्यातच मोडतो.

साडीच्या झोळीचेही असेच आहे. उंदीर, मुंग्या, ओल यांपासून बाळ वर राहावे म्हणून ती आली, हे तिचे गुण. पण झोळीत बाळाची पाठ वाकते, कापडाच्या कडा तोंडावर मिटतात. शिवाय थोरले भावंड झोळीला पीळ देत खेळताना गळ्याला फास बसल्याच्या दुर्घटना आपल्या देशात वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदल्या गेल्या आहेत. दिवसा डोळ्यांसमोर थोडा वेळ झोका दिला तर गोष्ट वेगळी. रात्रभरासाठी झोळी नको. बंद खोलीत रात्री शेकाची शेगडीही ठेवू नये. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो.

जोडपाळण्याला काही हजार रुपये पडतात आणि तो पाच-सहा महिनेच चालतो. बँकेत नोकरी करणारा माणूस म्हणून सांगतो, यासाठी हप्ते लावून घेऊ नयेत. एका खोलीच्या घरात आईच्या शेजारी, हात पुरेल अशा अंतरावर, जमिनीवर सतरंजी व तिच्यावर पातळ घट्ट गादी अंथरली, वर छत्रीसारखी मच्छरदाणी ठेवली, तरी सारे नियम पाळले जातात. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्वच मातांना सरकारकडून बाळाच्या कपड्यांचा खोका मिळू लागला. तळाशी पातळ गादी असलेला तो पुठ्ठ्याचा खोका हेच कित्येक बाळांचे पहिले अंथरूण झाले.

पाजताना आईला डुलकी लागते, हे कोणत्याही घरात टळत नाही. म्हणून रात्री सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजू नये. तेथे बाळ फटीत घसरते. अंथरुणावरच पाजावे, आणि जाग येताच बाळ त्याच्या जागेवर उताणे ठेवावे. हे उचलून ठेवण्याचे काम वडिलांनी करायला हरकत नाही.

बाळ हातांवर व गुडघ्यांवर जोर देऊन उठू लागले, साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास, की जोडपाळणा बंद करावा. बुटक्या कडेवरून ते पडू शकते. मग तो माळ्यावर टाकण्याऐवजी दुसऱ्या बाळंतिणीला द्यावा. देताना सर्व स्क्रू, पट्ट्या आणि माहितीपत्रक एका पिशवीत घालून पाळण्यालाच बांधून ठेवावे. एक जरी पट्टी हरवली असेल, तर तो पाळणा पुढे देऊ नये.