किल्ली एक, कामं तीन

आत्या : मुक्ता, तू इलेक्ट्रॉनिक्सवाली आहेस म्हणून विचारते. गाडीच्या डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र आणि बॅटरीची सूचना यायला लागलीय. रिमोटही दाराजवळ जाऊन दोनदोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. शेजारचे म्हणतात, घरी उघडू नका. सेल काढला की गाडी किल्ली विसरते आणि मग सर्व्हिस सेंटरला जाऊन नवं प्रोग्रॅमिंग करावं लागतं.

मुक्ता : सेल संपत आलाय एवढाच त्याचा अर्थ. गाडी किल्ली विसरत नाही, आत्या. किल्लीची ओळख आतल्या चिपच्या मेमरीत लिहिलेली असते आणि ती मेमरी विजेशिवायही टिकते. काही जुन्या मॉडेलांत सेल बदलल्यावर रिमोटचा मेळ पुन्हा घालावा लागतो, पण ती कृती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

आत्या : विजेशिवाय टिकतं, तर मग सेल हवा कशाला?

मुक्ता : कारण तुझ्या हातात दिसते एक किल्ली, पण तिच्यात तीन आहेत. पहिली धातूची. या कडेचा छोटा खटका सरकव आणि ओढ. आलं ना पातं बाहेर? यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतं. काही गाड्यांत कुलपाचं भोक हँडलवरच्या झाकणाखाली लपवलेलं असतं, ते आधीच शोधून ठेवावं.

दुसरी किल्ली रेडिओची. तू बटण दाबतेस तेव्हा ती साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवते, आणि दर वेळी त्यातला आकडा बदलतो. कोणी तो संदेश हवेतून टिपून पुन्हा वाजवला तरी गाडी मानत नाही, कारण तो आकडा वापरून झालेला असतो. सेल लागतो तो या किल्लीला.

आणि तिसरी इमोबिलायझरची चिप. इंजिन सुरू करायची परवानगी ती देते. तिला सेलची गरजच नाही. गाडीतली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यातून चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, तो गाड्यांच्या चोऱ्या रोखण्यासाठी.

आत्या : म्हणजे सेल रस्त्यात पूर्ण गेला तरी गाडी सुरू होईल? मी तर संध्याकाळी शाळेच्या आवारात अडकून पडायचं भय घेऊन बसले होते.

मुक्ता : होईल. पात्यानं दार उघडायचं. गाडी ठणाणा करू लागली तर दचकू नकोस, सुरू झाली की गप्प होते. मग ब्रेक दाबून किल्ली स्टार्ट बटणाला अगदी चिकटवून धरायची. बऱ्याच गाड्यांत ती गुंडाळी बटणामागेच असते. काहींत स्टिअरिंगखाली किंवा कपाच्या खाचेत. आपल्या गाडीत कुठे आहे ते पुस्तिकेतलं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव.

आत्या : पण हा सेल इतक्यात संपला कसा? रिमोट काही मी दिवसभर दाबत नाही.

मुक्ता : तुझी गाडी चावी न लावता उघडणारी आहे ना? तिची किल्ली सतत कान देऊन असते. तू दाराला हात लावलास की गाडी कमी वारंवारतेची हाक देते आणि किल्ली त्याला उत्तर देते. गाडीला लागूनच्या खिडकीत किल्ली टांगली तर हे बोलणं उगाच वाढतं आणि सेल लवकर उतरतो. दोनेक वर्षं टिकला तर ठीकच म्हणायचं.

आत्या : आणायचा कुठला?

मुक्ता : तुझ्या किल्लीवर आत लिहिलेलं असेल, बहुतेक सीआर २०३२. सी म्हणजे लिथियम–मँगनीज डायऑक्साइड जातीचा, आर म्हणजे गोल, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ म्हणजे तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. दुकानदार म्हणतो चालतो, दोन्ही ३ व्होल्टचेच. पण पातळ सेल आत सैल राहतो आणि किल्ली आपटली की संपर्क तुटतो. जाड घुसवला तर आतल्या पट्ट्या वाकतात. आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. एलआयआर अशी सुरुवात असलेला चार्जिंगचा सेल मुळीच नको, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

घड्याळवाल्याकडे मिळेल, पण डबीत सुट्टे, एकमेकांवर घासणारे ठेवलेले घेऊ नकोस. ते आपसांतच उतरतात. बंद पाकिटातला, मुदत छापलेला घे.

आत्या : हा बघ, पाकिटातलाच आणलाय. उघडू?

मुक्ता : आधी टेबलावर पांढरं फडकं अंथर. पातं काढलं तिथं आत एक खाच दिसते. चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळ, खाचेत घाल आणि हलकेच पीळ. उचकटायचं नाही; उचकटलं की प्लॅस्टिकची नखं तुटतात आणि किल्ली पुन्हा नीट बंद होत नाही. काही जुन्या किल्ल्यांना बारीक स्क्रू असतो, तिथे जोर लावण्याआधी तो शोधावा.

आत्या : उघडली! हिरवी पाटी दिसतेय.

मुक्ता : आता लगेच फोटो काढ. सेलची अधिक खुणेची बाजू वर आहे की खाली, ते कळायला हवं. उलटा बसला तर रिमोट चालणार नाही. सेल काढताना धातूचं काही वापरू नकोस, एकाच वेळी दोन्ही टोकांना लागलं तर शॉर्ट होतो. टूथपिक घे. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नकोस.

एक गोष्ट जुन्या किल्ल्यांबाबत सांगते, कारण ती फार जणांना महागात पडते. काही जुन्या घडीच्या किल्ल्यांत इमोबिलायझरची चिप पाटीवर नसते. काळ्या तुकड्यासारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी ती कव्हरच्या कोपऱ्यात नुसती बसवलेली असते. उघडताना ती घरंगळली, किंवा जुनं कव्हर तिच्यासकट कचऱ्यात गेलं, तर दार उघडतं पण गाडी सुरू होत नाही. शेजाऱ्यांनी ऐकलेली ‘किल्ली विसरल्याची’ गोष्ट बहुधा अशीच घडलेली असणार. पांढरं फडकं त्यासाठीच.

आत्या : नवा सेल बसला. आता?

मुक्ता : कडांना धरून बसवलास ना? छान. रबरी पट्टी खाचेत नीट बसली का बघ, पावसाळ्यात तीच पाणी अडवते. आता दोन्ही भाग जुळवून सगळीकडून दाब, टक् आवाज येईपर्यंत. जा, लांबून दाबून बघ.

आत्या : फाटकापासून उघडली! पण मला वाटलं जुना सेल अगदीच मेला असेल. तुझ्या मीटरवर हा २.९ व्होल्ट दाखवतोय.

मुक्ता : नुसत्या मीटरवर तो चांगलाच दिसतो. सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. बटण दाबून रेडिओनं करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, म्हणून दोनदोनदा दाबावं लागत होतं. पण आत्या, या २.९कडे नीट बघ. किल्लीला निकामी झालेला हा सेल लहान मुलाला गंभीर इजा करायला पुरेसा आहे. तो असा पेनांच्या डब्यात टाकू नकोस, तुझा नातू आता रांगतोय.

आत्या : गिळला तर? नाण्यासारखा बाहेर नाही पडणार?

मुक्ता : २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओल्या अस्तरातून करंट वाहतो, सेलच्या उणे बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि ती मांस जाळते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, सेल फुटायचीही गरज नसते. मूल कधी लाळ गाळतं, खोकतं, खायला नकार देतं; कधी काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून शौचातून पडेल अशी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही. एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक जायचं. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, पण त्यासाठी निघायला उशीर करायचा नाही. वर्षाखालच्या बाळाला मध नाहीच.

आत्या : मग या सेलचं करू काय?

मुक्ता : दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लाव, म्हणजे इतर सेलांना लागून तापणार नाही. घट्ट झाकणाच्या डबीत घाल आणि डबी वरच्या फळीवर ठेव. केंद्र सरकारच्या २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार असे सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह याचसाठी असतं. तेव्हा घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे. उरलेला नवा सेलही पाकिटातून काढू नकोस, तोही त्याच फळीवर. आणि नातवानं सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी आधी गाडी काढ, फोन वाटेत कर.