थोडे अनुदान, पुष्कळ सांगात

गणेशगुडीस येणारा प्रवासी प्रथम पाहतो ते काळी नदीवरील सुपा धरण. १०१ मीटर उंचीची ती भिंत, तिच्यामागे दूरवर पसरलेले निळे पाणी आणि भोवतीचे दाट अरण्य पाहून तो चकित होतो. या पाण्याच्या तळाशी एक गाव आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. ते गाव म्हणजे जुने सुपे, एके काळचे तालुक्याचे ठाणे. १९८७ साली धरण पुरे झाले. बाजार, देवळे आणि घरे पाण्याखाली गेली, तालुक्याची कचेरी जोयड्यास आली आणि कित्येक कुटुंबे रामनगरसारख्या नव्या वसाहतींत जाऊन राहिली. अशा वेळी बुडालेल्या घरांचा आणि जमिनींचा मोबदला मोजता येतो. परंतु ज्या ओटीवर संध्याकाळी चार शेजारी बसत, त्या बैठकीचा मोबदला कोणत्या खात्यातून द्यावयाचा? शेजार ही सरकारी नोंदवहीत न येणारी मालमत्ता आहे. ती पुन्हा उभी करावयाची तर कशी, आणि तिच्या कामी सार्वजनिक पैशाचा काही उपयोग होतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एकटे असणे आणि एकाकी असणे यांत भेद आहे. रानात गुरे राखणारा गवळी दिवसभर एकटा असतो, पण सायंकाळी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसणारे कोणी असेल तर तो एकाकी नसतो. उलट, भरल्या बाजारपेठेत राहणाऱ्या वृद्धेची आठवडाभर कोणी विचारपूस केली नाही, तर ती एकाकीच होय. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरी एकट्या माणसास ‘एकसुरो’ म्हणतात. मराठीत ‘एकसुरी’ म्हणजे तोच तो सूर लावणारे, कंटाळवाणे. दोन भाषांनी एकाच दुःखाच्या दोन बाजू दाखविल्या आहेत असे वाटते. या दुःखावरील औषधाला कोंकणीत शब्द आहे ‘सांगात’, म्हणजे सोबत. मराठीतील ‘सांगाती’ हा याच कुळातला.

हे दुःख केवळ मनाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकास एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाकाठी सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी त्याचा संबंध असल्याचा अंदाज आहे. हा केवळ म्हाताऱ्यांचा रोग असेही कोणी समजू नये. वृद्धांपैकी तीनांत एकापर्यंत आणि किशोरवयीनांपैकी चारांत एकापर्यंत माणसे समाजापासून तुटलेली असू शकतात, असे तोच अहवाल सांगतो. म्हणजे आजोबा आणि नातू दोघेही या विषयात सारखेच येतात.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. एकाच्या शेतात साऱ्या गावाचे नांगर चालावयाचे आणि धन्याने सर्वांना जेवू घालावयाचे, याला ‘इर्जिक’ म्हणत. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या लावणीला, याला ‘सावड’ म्हणत. या रीतींनी काम तर होत असेच, पण त्याबरोबर माणूस माणसाच्या दृष्टीस पडत असे. एकादशीचे भजन, शिगमा, जत्रा, पंगत यांचेही कार्य हेच. पुढे काळ पालटला. तरुण पोटासाठी गोव्यास, बेळगावास, हुबळीस गेले. वसाहतीतील नोकरदारांच्या बदल्या होऊ लागल्या. रानातल्या वाड्या एकमेकींपासून आधीच दूर, त्यात आषाढ-श्रावणातील पावसाने ओढे भरले की अधिकच दूर. एकत्र येण्याची जुनी निमित्ते अशी एकामागून एक गळू लागली म्हणजे नवी निमित्ते निर्माण करावी लागतात, आणि त्यांना थोडाफार खर्च येतो. येथे ‘अनुदान’ या शब्दाचा संबंध येतो.

अनुदान म्हणजे परत करावयाचे नाही असे साहाय्य. परंतु ते भीक नव्हे आणि बक्षीसही नव्हे. ज्या कामासाठी दिले त्याच कामी खर्च करावयाचे आणि पै-पैचा हिशेब द्यावयाचा, या अटीवर ते मिळते. स्वतंत्र भारतात या कल्पनेस मोठे रूप आले ते ऑगस्ट १९५३ मध्ये, केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या स्थापनेने. त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. महाडजवळील नाते येथे जन्मलेले त्यांचे पती चिंतामणराव देशमुख तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना साहाय्य करण्यासाठी चार कोटी रुपयांची तरतूद होती, आणि तिचा विनियोग या मंडळाकडे सोपविण्यात आला. सरकारने सर्व कामे स्वतः करण्यापेक्षा, जेथे लोक आपण होऊन काम करीत आहेत तेथे त्यांचा हात बळकट करावा, हे त्यामागील सूत्र होते. ते मंडळ २०२२ साली बंद करण्यात आले, तरी हे सूत्र जुने झालेले नाही.

इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या श्रीमंत देशाने जानेवारी २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्यावर सोपविली. पुढे २०२१ साली, महामारीच्या काळात, तेथे लहान स्थानिक मंडळांसाठी एक निधी काढण्यात आला. त्यातून एका मंडळास किमान ३०० आणि कमाल २,५०० पौंड मिळावयाचे, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३० हजार ते अडीच लाख रुपये. देशाच्या अंदाजपत्रकात या रकमा धुळीच्या कणाएवढ्या. तरीही त्या मुद्दामच लहान ठेवल्या होत्या, कारण बागकाम करणारे, एकत्र गाणारे, शेजाऱ्यास दूरध्वनी करून खुशाली विचारणारे असे लहान गट मोठ्या योजनांच्या कागदपत्रांत अडखळतात. त्यांना थोडे हवे असते आणि वेळेवर हवे असते.

परंतु या विषयातील सर्वांत बोधप्रद गोष्ट आपल्याच कर्नाटक राज्यात घडलेली आहे. १९६८ साली तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी ‘मायराडा’ ही संस्था स्थापन झाली. पुढे ती खेड्यांतील गरिबांसाठी काम करू लागली. १९८४-८५ च्या सुमारास कोलार जिल्ह्यातील कामसमुद्रम भागात तिने उभ्या केलेल्या मोठ्या सहकारी संस्था मोडकळीस आल्या. सभासद पुष्कळ, पण सत्ता एक-दोघांच्या हाती. तेव्हा काही सभासद लहान लहान गटांनी मायराडाकडे आले आणि म्हणाले की, घेतलेले कर्ज आम्ही फेडू, पण त्या संस्थेकडे नव्हे. मग ते तुमच्या गटाकडेच फेडा, असे त्यांना सुचविण्यात आले. ज्यांचा एकमेकांवर विश्वास होता अशा माणसांचे हे गट टिकले. ती माणसे नियमाने जमू लागली, बचत करू लागली, अडलेल्यास पैसे देऊ लागली. १९८७ मध्ये राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, म्हणजे नाबार्डने, अशा गटांच्या प्रयोगासाठी मायराडास १० लाख रुपयांचे अनुदान दिले. १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशात सुरू झाला, आणि आज गावोगाव दिसणाऱ्या स्वसाहाय्य गटांच्या चळवळीस त्यातून वाट मिळाली.

या घटनेतील क्रम ध्यानात घ्या. आधी माणसे जमली, मग विश्वास बसला, मग हिशेब लिहिला गेला, आणि सर्वांत शेवटी अनुदान आले. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी रक्कम जाहीर करून मग तिच्यासाठी माणसे गोळा केली, तर रक्कम संपताच माणसेही पांगतात. कित्येक मंडळे केवळ फलकावर आणि शिक्क्यात जिवंत असतात त्याचे कारण हेच. अनुदानाने स्नेह विकत घेता येत नाही. असलेल्या स्नेहास बसावयाला जागा आणि जमावयाला निमित्त तेवढे त्याने मिळते.

म्हणूनच राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानात, जे कर्नाटकात ‘संजीविनी’ आणि महाराष्ट्रात ‘उमेद’ या नावाने चालते, गटास फिरता निधी देण्यापूर्वी पाच गोष्टी पाहतात: नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेबवह्या. हिला ‘पंचसूत्री’ म्हणतात. हा निधी आरंभी दर गटास १० ते १५ हजार रुपये होता. पुढे तो वाढविण्यात आला. सामान्यतः गटात १० ते २० सभासद असावे लागतात. मात्र दुर्गम भागांत, तसेच अपंगांच्या गटांसाठी, पाच सभासदही पुरतात. आपल्या जोयडा तालुक्यासारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशात ही सवलत किती मोलाची आहे ते सांगावयास नको. पाच उंबऱ्यांची वाडीदेखील गट होऊ शकते.

दुसरे उदाहरण अगदी आपल्या परंपरेतले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने १,८०० भजनी मंडळांना वाद्यांच्या खरेदीसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये देण्याचे जाहीर केले. लहान अनुदान कशावर खर्च व्हावे याचा हा चांगला नमुना होय. पखवाज, पेटी, टाळ या वस्तू वाटून घेता येत नाहीत, खाऊन संपत नाहीत, आणि माणसे जमल्यावाचून वाजत नाहीत. ज्या खर्चाचा उपभोग एकट्याने घेता येत नाही, तो खर्च या कामी उत्तम.

आता आपल्या गावापुरते एक गणित मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, २० वृद्ध स्त्री-पुरुषांनी दर गुरुवारी दुपारी एकत्र बसावयाचे ठरविले आणि त्यांना एकदाच १५ हजार रुपयांचे अनुदान मिळाले. दोन जाजमे ४,०००, चहाची भांडी व कपबशा २,५००, सौर कंदील २,०००, वर्तमानपत्र व मासिकांची वर्षाची वर्गणी ३,५०० आणि पावसाळ्यात दूरच्या वाडीवरील म्हाताऱ्यांना आणण्यासाठी रिक्षाभाडे ३,०००. एकूण १५,००० रुपये झाले. शिवाय प्रत्येकाने दर आठवड्यास १० रुपये डब्यात टाकले तर वर्षाचे १०,४०० रुपये जमतात. दुसऱ्या वर्षी जाजमे, भांडी आणि कंदील पुन्हा घ्यावयाची नाहीत. वर्गणी आणि रिक्षाभाडे मिळून ६,५०० रुपये लागतील. उरलेल्या ३,९०० रुपयांत आठवड्यास ७५ रुपये याप्रमाणे सर्वांचा चहा होईल. अर्थात दुसऱ्या वर्षी हे मंडळ कोणाच्याही दारी न जाता चालेल. चांगल्या लहान अनुदानाची परीक्षा हीच: ते बंद झाल्यावर काम चालू राहते काय?

कोणी म्हणेल, जेथे रस्ता, दवाखाना, नोकरी यांची उणीव आहे तेथे चहा आणि जाजमाच्या गोष्टी कशाला? आक्षेप रास्त आहे. जाजमाने रस्ता होत नाही, आणि रस्त्याचे पैसे वाचविण्यासाठी कोणी जाजम पुढे करील तर ते आपण मान्य करता कामा नये. परंतु रस्त्यासाठी अर्ज करावयाचा तरी दहा जणांना एकत्र बसावेच लागते. शिवाय आजारी म्हातारीने चार दिवस दार उघडले नाही हे दवाखान्यास आपोआप कळत नाही. गुरुवारी तिची जागा रिकामी दिसली म्हणजे शेजारणीस कळते. गाव करी ते राव न करी, ही म्हण अशा ठिकाणी अक्षरशः खरी ठरते.

अशा मंडळास अनुदान मागावयाचे असल्यास काय करावे लागते, तेही सांगून ठेवतो. प्रथम सभा भरवून ठराव लिहावा. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडावे. बँकेत मंडळाच्या नावाने खाते उघडून किमान दोघांच्या सहीने पैसे निघतील अशी व्यवस्था करावी. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहावे. प्रत्येक खर्चाची पावती वहीत चिकटवावी. वर्ष संपताच जमाखर्च सर्वांसमोर मोठ्याने वाचावा आणि अनुदान देणाऱ्यास विनियोगाचे प्रमाणपत्र पाठवावे. यांत शेवटून दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. रक्कम लहान असल्याने तिचा हिशेब निरक्षर सभासदासही तोंडपाठ होऊ शकतो, आणि ज्या हिशेबावर सर्वांचे लक्ष असते तेथे संशयास जागा राहत नाही. गावातील मंडळे फुटतात ती बहुधा पैशाच्या अभावी नव्हे, तर न वाचलेल्या जमाखर्चापायी.

या कामात विद्यार्थ्यांचा वाटा कोणता? इतिवृत्त लिहिण्यास सुवाच्य अक्षर लागते, ते तुमच्यापाशी आहे. जमाखर्च मांडण्यास बेरीज-वजाबाकी लागते, ती तुम्ही शिकला आहात. आपल्या घरांतून मराठी, कोंकणी आणि कन्नड या भाषा कानांवर पडतात, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या आजींचा अर्ज कन्नडमध्ये लिहून देणे तुम्हांस अवघड नाही. त्या बदल्यात बैठकीतील म्हाताऱ्या माणसांकडून तुम्हांस मिळेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. जुन्या सुप्याचा बाजार कोठे भरे, नदी कोठे ओलांडीत, कोणत्या घरी कोणते गाणे म्हणत, हे पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. धरणाखाली गेलेले गाव त्यांच्या आठवणीत कोरडे आहे. त्यांचे बोलणे एका वहीत उतरून घेण्याचे काम या सुट्टीत आरंभिता येईल. त्यास अनुदान लागत नाही. एक वही, एक लेखणी आणि शेजारच्या घरी जाऊन अर्धा तास बसण्याची तयारी, एवढे पुरे.