पट्टा लहान, काम महान

पिठाची गिरणी आपण सर्वांनी पाहिली आहे. एका बाजूला मोटर असते, दुसऱ्या बाजूला जाते. मोटरचे फिरणे जात्यापर्यंत कोण नेतो? मधला पट्टा. पट्टा निसटला की मोटर नुसतीच घुमत राहते आणि दळण थांबते. गिरणीवाला पट्टा पुन्हा चढवतो. फार तर पाच मिनिटांचा खोळंबा होतो.

मोटारगाडीच्या इंजिनालाही असाच पट्टा असतो. पण तो रस्त्यात तुटला तर गोष्ट पाच मिनिटांवर भागत नाही. इंजिन तापून निकामी होऊ शकते. उतारावर ब्रेकसुद्धा जड होऊ शकतो. म्हणून जीप, टेम्पो किंवा पिकअप चालवणाऱ्याने आपल्या गाडीचा पट्टा ओळखला पाहिजे.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत कितीतरी घरांची चूल अशा गाड्यांवर पेटते. कोणी भाजी आणतो, कोणी दुधाच्या पिशव्या पोचवतो, कोणी घरसामान हलवतो. या उपनगरांचे आणि जीपगाडीचे नाते जुने आहे. १९४५ साली महिंद्र बंधूंनी कंपनी काढली. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत या कंपनीने विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली. पुढे कांदिवलीला, आकुर्ली रस्त्यावर, तिचा मोठा कारखाना उभा राहिला. त्या जुन्या जीपच्या इंजिनाचा पंखा पट्ट्याने फिरत असे. म्हणून गॅरेजात आजही लोक पट्ट्याला 'फॅनबेल्ट' म्हणतात. पण या नावाने फसगत होते. पट्टा काही एकटा पंखाच फिरवत नाही.

पट्टा काय काय फिरवतो?

बॉनेट उघडा. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, खाली, एक जाड चाक दिसेल. ती क्रँकची पुली. इंजिन चालू झाले की ही पुली फिरते. तिच्यावरून निघालेला पट्टा वरच्या पुल्यांना फिरवतो.

पहिली पुली पाण्याच्या पंपाची. हा पंप रेडिएटरचे पाणी इंजिनात खेळवतो. बऱ्याच जीपगाड्यांत पंखाही याच पुलीवर असतो. पंप थांबला की पाणी जागच्या जागी उकळू लागते.

दुसरी पुली डायनॅमोची. पुस्तकात त्याला अल्टरनेटर म्हणतात. तो वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. तो थांबला की गाडी फक्त साठलेल्या विजेवर चालते. रात्री दिवे मंद होत जातात.

तिसरी पुली पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची. गाडीत असा पंप असेल तर पट्टा तुटताच स्टिअरिंग जड होते.

आता चौथे काम. हे फार थोड्यांना ठाऊक असते. ब्रेकच्या पायाला जोर देण्यासाठी गाडीत एक गोल डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. बूस्टरमधली हवा ओढून घेतली तरच तो काम करतो. पेट्रोलचे इंजिन ही हवा स्वतः ओढते. डिझेलच्या इंजिनाला ते जमत नाही. त्याला हवा ओढणारा वेगळा पंप लागतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत हा पंप डायनॅमोच्या पाठीलाच बसवलेला असतो.

आता साखळी जोडून पाहा. पट्टा तुटला, की डायनॅमो थांबला. डायनॅमो थांबला, की हवेचा पंप थांबला. बूस्टरमध्ये उरलेल्या ताकदीवर ब्रेक एकदोनदा नेहमीसारखा लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेक गेलेला नसतो, पण तो पायाचा सारा जोर लावून दाबावा लागतो.

समजा, नाशिककडून भाजी भरलेली पिकअप कसारा घाट उतरते आहे. मागे टनभर ओझे, पुढे वळण. अशा वेळी पेडल कडक झाले आणि त्याचे कारण ड्रायव्हरला ठाऊक नसले, तर तो गांगरेल. कारण ठाऊक असले, तर तो जोर लावून गाडी थांबवील. आपल्या गाडीचा हवेचा पंप कोठे आहे, हे मिस्त्रीला आजच विचारून ठेवा.

पट्टा का झिजतो?

जुना एकेरी पट्टा वर रुंद आणि खाली निमुळता असतो. लाकडात पाचर बसते, तसा तो पुलीच्या खाचेत बसतो. त्याची पकड दोन्ही बाजूंच्या कडांवर असते, तळावर नसते. कडा झिजल्या की पट्टा खाचेत खोल जातो आणि तळाला टेकतो. मग पकड सुटते आणि तो घसरतो. पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत झाला असेल, तर समजावे की पट्टा संपत आला.

झीज लवकर का होते, त्याची कारणे अशी:

ढिला पट्टा घसरतो. घसरला की तापतो. तापला की त्याची कड काचेसारखी गुळगुळीत होते आणि तो आणखी घसरतो.

फार ताणलेला पट्टाही वाईट. तो पाण्याच्या पंपाचे आणि डायनॅमोचे बेअरिंग खातो. अति तिथे माती, ती ही अशी.

पुल्या एका रेषेत नसल्या तर पट्ट्याची एक कड कुरतडली जाते आणि दोरे बाहेर येतात.

ऑइल किंवा डिझेल पट्ट्यावर गळले तर रबर फुगते आणि मऊ पडते. आधी गळती बंद करावी, मग पट्टा बदलावा. नाहीतर नवा पट्टाही तसाच जाईल.

एखादी पुली अडकली तर पट्टा तिच्यावर घासत राहतो. जळक्या रबराचा वास येतो.

पाऊस आणि चिखल हे आपल्याकडचे खास शत्रू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तसा दिवस रोज येत नाही. पण अंधेरीच्या सबवेत तर पावसाळ्यात पाणी तुंबतेच. क्रँकची पुली खाली असते. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की पाणी आणि गाळ पट्ट्यावर उडतो. ओला पट्टा घसरतो. खाचांत बसलेली रेती वाळली की कानशीसारखी रबर घासते. म्हणून अशा पाण्यातून गाडी नेल्यावर पट्टा आणि पुल्या पाहाव्यात.

जुनी नजर, नवा पट्टा

पुष्कळ नव्या गाड्यांत एकच लांब, चपटा पट्टा असतो. त्याच्या आतल्या बाजूला उभ्या रेघा असतात. तो सगळ्या पुल्यांवरून नागमोडी जातो. त्याचा ताण राखायला स्प्रिंगची वेगळी पुली असते. सोय चांगली आहे. पण एक पट्टा तुटला की सगळी कामे एकदम थांबतात.

आणखी एक फरक लक्षात घ्या. पूर्वीच्या पट्ट्याचे रबर जुने झाले की त्याला भेगा पडत. भेगा पाहून लोक पट्टा बदलत. १९९० नंतरच्या काळात दुसऱ्या जातीचे रबर वापरात आले. त्याला भेगा सहसा पडत नाहीत. ते सायकलच्या टायरसारखे हळूहळू घासत जाते. वरून पट्टा छान दिसतो, पण आतल्या रेघांमधल्या खाचा रुंद झालेल्या असतात. म्हणून भेगा नाहीत, एवढ्यावर विसंबू नये. पट्टा किती किलोमीटर चालला याची नोंद ठेवावी. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीला तो बदलावा.

काही इंजिनांत झाकणाच्या आड टायमिंगचा पट्टा असतो. तो वेगळा. त्याला आपण हात लावू नये. त्याची मुदत मात्र कधी चुकवू नये.

ड्रायव्हर आणि मिस्त्री

ड्रायव्हर : वस्ताद, सकाळी सेल्फ मारला की गाडी किंचाळते. मग गप्प होते. काय करू?

मिस्त्री : पावसात जास्त किंचाळते का, भाऊ?

ड्रायव्हर : हो ना. एकानं सांगितलं, पट्ट्याला राळ लाव. गिरणीवाले लावतात तशी.

मिस्त्री : तसलं काही करू नका. राळ लावली की चार दिवस आवाज बंद होतो. मग तिच्यावर धूळ बसते आणि पट्टा जास्तच खराब होतो. साबणाचंही तेच. रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला म्हणून त्याचं दुखणं जातं का?

ड्रायव्हर : मग दुखणं कळायचं कसं?

मिस्त्री : इंजिन चालू ठेवून मी लांबून पट्ट्यावर थोडं पाणी उडवतो. आवाज वाढला, तर पट्टा ढिला. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर बहुतेक पुली वाकडी. हे काम मी करतो, तुम्ही मागं राहा.

ड्रायव्हर : नवीन टाकायचा झाला तर मी घरीच चढवू का? टॉमीनं ओढला की बसेल.

मिस्त्री : तिथंच तर घात होतो! टॉमीनं ओढला की आतले दोरे तुटतात. वरून दिसत नाही. महिन्याभरात पट्टा रस्त्यात तुटतो, मग लोक म्हणतात माल खराब. आधी डायनॅमोचा नट ढिला करायचा, पट्टा अलगद बसवायचा, मग ताण द्यायचा.

ड्रायव्हर : खर्च किती येईल, वस्ताद? या महिन्यात हप्ता आहे.

मिस्त्री : पट्टा काही शे रुपयांत येतो. इंजिनाचं हेड गेलं तर हजारो रुपये जातात, आणि गाडी उभी राहते ती वेगळीच. हप्ता कशातून भराल? पट्ट्याचं दुखणं अंगावर काढू नका, भाऊ.

महिन्यातून एकदा तपासा

इंजिन बंद करा. किल्ली काढून खिशात ठेवा. इंजिन गार होऊ द्या. काही गाड्यांचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, म्हणून पंख्यापासून हात दूर ठेवा. गळ्यातला टॉवेल आणि हातातली अंगठी काढा. चालू पट्ट्याजवळ बोट नेऊ नका. पट्टा नवा मिळतो, बोट मिळत नाही.

पट्ट्यावर टॉर्च मारा. भेग, सुटलेला दोरा, काचेसारखी चमक, तेलाचा डाग, यांपैकी काही दिसते का पाहा.

जुन्या एकेरी पट्ट्याचा ताण अंगठ्याने कळतो. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर मध्यभागी अंगठ्याने दाबा. पट्टा साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त दबला तर ढिला, मुळीच दबला नाही तर फार ताणलेला. नवा पट्टा थोडा चालला की सैल होतो. म्हणून काही दिवसांनी त्याचा ताण पुन्हा पाहावा.

रस्त्यात पट्टा तुटला तर

बॅटरीचा लाल दिवा लागतो. तापमानाचा काटा वर चढतो. स्टिअरिंग जड होते. 'गॅरेज जवळच आहे, नेऊ तशीच,' असे म्हणू नका. थोड्याच अंतरात हेड वाकते.

उतारावर असाल तर गाडी न्यूट्रल करू नका. खालच्या गिअरमध्ये घ्या. ब्रेक सारखा सोडून-दाबून उरलेली ताकद वाया घालवू नका. एकदाच, ठाम, पूर्ण जोराने दाबा. गाडी कडेला घ्या. हँडब्रेक ओढा. चाकांमागे-पुढे दगड लावा. इंजिन बंद करा.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाबलेली वाफ असते, ती तोंडावर येते. निदान तासभर थांबा. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाईल.

गाडीत आपल्या मापाचा एक पट्टा नेहमी ठेवा. पाकिटावर माप आणि तारीख लिहा. आता आपल्याला लिहिता येते. त्या अक्षराचा हा उपयोग आहे. वहीत एक पान करा : पट्टा कधी टाकला, तेव्हा किलोमीटर किती, पुढे कधी बदलायचा. ते पान आपल्या गाडीला आणि घराला सांभाळील.

शब्दांचे अर्थ

पुली : पट्टा ज्यावरून फिरतो ते खाचेचे चाक
बूस्टर : ब्रेकच्या पायाला जोर देणारा डबा
हेड : इंजिनाचे वरचे झाकण
टॉमी : उचकटण्यासाठी वापरायची लोखंडी कांब
पाचर : फटीत ठोकायचा निमुळता तुकडा
मुदत : ठरवून दिलेला काळ

प्रश्न

१. पट्ट्याला नुसता 'फॅनबेल्ट' म्हटले तर कोणती कामे लक्षातून सुटतात?
२. डिझेल गाडीचा पट्टा तुटल्यावर ब्रेक जड का होऊ शकतो?
३. नव्या पट्ट्याला भेगा नसल्या तरी तो झिजलेला असू शकतो. कसा?
४. पट्ट्याला राळ का लावू नये?
५. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचा पट्टा पाहा. काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.