मेगर लावण्याआधी

लेकरा, विद्युत सहायक म्हणून रुजू झालास, पेढे खाऊन झाले, आता जरा ऐक. आपल्या जळकोटच्या बाजूला तारा बहुतेक डोक्यावरूनच जातात. ११ केव्हीची केबल म्हणजे उपकेंद्रातल्या ब्रेकरपासून पहिल्या खांबापर्यंतचा तुकडा. तुकडा एवढासा, पण तो गेला की फिडरवरची सगळी गावं अंधारात.

‘सप्लाय बंद केलाय’ हे कुणाच्या तोंडचं ऐकून हात लावायचा नाही. परमिट घे, डिटेक्टर लावून बघ, अर्थ कर, मग दोन्ही टोकं मोकळी कर. खांबावरचा अरेस्टर नाहीतर आतला पीटी जोडलेला राहिला तर मेगरवर तू केबलचं इन्सुलेशन सोडून त्यांनाच मोजत बसशील. दुसऱ्या टोकाला माणूस उभा पाहिजे. मेगर ५००० व्होल्ट टाकतो, आणि खांबाजवळ शेळ्या राखणाऱ्या पोराला ते कुठून कळणार?

एकदा श्रावणात सकाळी सातलाच मेगर लावला. रीडिंग आलं ४० मेगाओहम. ‘केबल गेली’ म्हणून जेसीबीला फोनसुद्धा झाला. मी केबलच्या टोकाला बसवलेल्या किटवर बोट फिरवलं तर ओलं, वर धुळीचा राप. कोरड्या फडक्यानं तिन्ही फेज पुसले आणि ऊन चढेपर्यंत चहा पीत बसलो. दहाला तीच केबल गिगाओहम दाखवत होती. करंट केबलमधून झिरपतच नव्हता, किटच्या अंगावरून सरकत होता. मेगरला गार्डची तिसरी वायर असते ती यासाठीच, पण बहुतेकांच्या पेटीत ती घडी न मोडता पडलेली असते.

आकडा एकदम लिहू नकोस. एक मिनिट थांब. चढत जाऊन स्थिरावला तर बरं. चढून परत घसरायला लागला तर आत कुठंतरी पाणी आहे. दोन फेज सारखे आणि तिसरा निम्म्याला, तर तिसऱ्याचं किट आधी बघ. आकड्याशेजारी तारीख आणि हवा लिही. दहा अंश तापमान वाढलं की रीडिंग साधारण निम्म्यावर येतं, म्हणून मे महिन्याचा आकडा जानेवारीच्या आकड्याला लावून रडायचं नाही. जुन्या एक्सएलपीई केबलवर डीसी हायपॉट करा म्हणून कुणी घाई केली तर ऐकू नकोस. त्या डीसीनं आत साठलेला चार्ज पुढं केबलच फोडतो. त्याऐवजी ०.१ हर्ट्झचा व्हीएलएफ सेट मागव.

आता मी मार खाल्ला ती गोष्ट. टेस्ट झाली, मेगर बंद केला, अर्थचा रॉड टेकवून लगेच उचलला आणि लग पकडला. कोपरापर्यंत झिणझिण्या, शिडीवरून खालीच आलो. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर. एकदा रिकामी केली तरी इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज परत वर येतो. जेवढा वेळ टेस्ट, त्याच्या चौपट वेळ अर्थ ठेव, आणि काम संपेपर्यंत काढू नकोस.

माझा तेव्हाचा रॉड माळवदावर पडलाय, तो मागू नकोस. त्याच्या मुठीला चीर गेलीय. स्टोअरमधून नवा घे, सही करून.