बांधावरचे झाड आणि लाकडाची गिरणी : यमुनानगरचा धडा



बांधावर झाडे लावा, लाकडाला चांगले दिवस येणार, असे हल्ली जो तो सांगतो. त्यात तथ्य आहे. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते. त्यात दगडातला आणि कोळशातला असा दुहेरी कर्बवायू हवेत जातो. लाकडाचे उलट. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. ते लाकूड तुळई किंवा चौकट होऊन घरात पन्नास वर्षे टिकले, तर तो तितकी वर्षे कोंडून राहतो. एवढे शास्त्र पुरे. हा धंदा एखाद्या मुलखात उभा कसा राहतो आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडते, ते आपण पाहू.

हरियाणातील यमुनानगर हा ऊस-गव्हाचा मुलूख. तिथला साखर कारखाना १९३३ सालचा. तिथल्या शेतकऱ्यांनी रानात पॉपलर लावला. झाड मूळचे अमेरिकेतले. आगकाड्यांच्या लाकडासाठी विमको कंपनीने १९८० च्या दशकात शेतकऱ्यांना रोपे देऊन त्या भागात पसरवले. जानेवारी-फेब्रुवारीत पाने नसलेले उंच रोप तीन फूट खोल खड्ड्यात लावतात. पाच बाय चार मीटरवर एकरी दोनशे झाडे बसतात. पहिली दोन वर्षे मधल्या पट्ट्यात ऊस घेतात. सावली दाटली की ऊस बंद, मग गहू नाहीतर हळद. हिवाळ्यात याची पाने गळतात, त्यामुळे गव्हाला ऊन मिळते. झाडाची खरी खुबी हीच. सहा ते आठ वर्षांत तोड येते.

ओंडके घेराप्रमाणे निवडतात. २४ इंचांवरचा ‘ओव्हर’, १८ ते २४ चा ‘अंडर’ आणि त्याखालचा ‘सोक्ता’. भाव क्विंटलवर. गिरणीत ओंडका यंत्रावर फिरवून लांबच लांब पातळ सालपट सोलतात, वाळवतात आणि थर उभे-आडवे चिकटवून दाबतात, की झाले प्लायवूड. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलातल्या तोडीवर आणि ईशान्येकडच्या गिरण्यांवर बंधने आली, तेव्हा शेतातल्या लाकडावर चालणाऱ्या यमुनानगरला बरकत आली.

मग काय झाले? सगळ्यांनीच पॉपलर लावला. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत माल एकदम आला, भाव कोसळला, अनेकांनी झाडे काढून टाकली. पुढे लागवड घटली, गिरण्यांना माल पुरेना, तेव्हा भाव पुन्हा चढले. पण तोपर्यंत ज्यांनी झाडे काढली त्यांच्या हाती काय होते? उसाला निदान कायद्याने ठरलेली एफआरपी असते. ओंडक्याला तसा आधार नव्हता, आणि गिरणीत शेतकऱ्याचा शेअरही नव्हता.

आणखी एक गोष्ट. यातले बरेच प्लायवूड स्लॅबच्या शटरिंगला जाते. काही वेळा वापरले की ते चुलीत, म्हणजे कोंडलेला कार्बन परत हवेत. खरी किंमत टिकाऊ इमारती लाकडाला. सालपटे एकाच दिशेने चिकटवून तुळईजोगे लाकूड करता येते आणि त्याला भारतीय मानकही आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये बांधकामात लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठली, म्हणजे सरकारी बांधकामाचे दारही किलकिले झाले आहे.

पॉपलरला उत्तरेची थंडी लागते. आपल्याकडे कोणी त्याची रोपे विकायला आले तर घेऊ नका. आपल्याकडचा अनुभव निलगिरीचा. नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात निलगिरी उत्पादकांनी सहकारी संस्था काढली आणि वासे एकत्र विकले. निलगिरीचेही भाव पुढे पडले, पण विक्रीची ती वाट मला योग्य वाटते. बांबूचे म्हणाल, तर २०१७ च्या दुरुस्तीने तो वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. शेतातला बांबू तोडण्या-नेण्याची कटकट कमी झाली.

तेव्हा रोप विकणाऱ्याला आधी विचारा : घेणारी गिरणी किती मैलांवर, कोणत्या घेराचा माल घेते, करार लेखी देते का? आजूबाजूच्या सभासदांनी मिळून एकाच जातीची लागवड दरसाल थोडी थोडी केली, तर तोडही दरसाल निघते आणि गाडी भरते. बांध निवडताना मात्र जपावे. उत्तरेच्या बांधावर लावले तर वर्षातले बहुतेक दिवस सावली शेजाऱ्याच्या उसावर पडणार. त्याला आधी विचारून घ्या.