बंद पडणारी स्प्रेडशीट

लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण कसे काढतात हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आमच्या महाविद्यालयात १६ गटांनी हा प्रयोग केला आणि संगणकावरील एकाच स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक गटाने स्वतंत्र पानावर नोंदी भरल्या. पुढे पंचाईत झाली. फाइल उघडे, पण ती साठवण्याची आज्ञा देताच सॉफ्टवेअर बंद पडे आणि तेवढ्या वेळात केलेले काम वाया जाई.

कोणी म्हणाले, संगणकात व्हायरस शिरला. कोणी म्हणाले, सगळे पुसून नव्याने बसवा. सारे उपाय एकदम केले असते तर काम कदाचित भागले असते. पण दोष कशात होता हे कधीच कळले नसते. लंबकाची लांबी बदलताना आपण गोळा तोच ठेवतो. येथेही तोच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दोष कोठे?

प्रथम फाइलची प्रत काढली. सर्व चाचण्या प्रतीवरच. त्याच संगणकावर दुसरी फाइल नीट साठवली गेली. आमची फाइल मात्र दुसऱ्या संगणकावरही तशीच बंद पडली. सॉफ्टवेअरला जोडलेली जादा साधने बंद करून पाहिली, फरक नाही. म्हणजे संशय फाइलवर आला.

आता १६ पानांतले दोषी पान कोणते? प्रतीतून ८ पाने काढली. फाइल साठवली गेली! म्हणजे दोष काढलेल्या ८ पानांत. मग त्या ८ पानांचे ४ आणि ४ असे भाग केले. पुढे २ आणि शेवटी १. चार चाचण्यांत ११ वे पान सापडले. याच रीतीने १०२४ पानांतले एक पान शोधायला १० चाचण्या पुरतात. मात्र दोषी पाने दोन असली, तर दोन्ही अर्धे भाग बंद पडू शकतात, हे ध्यानात ठेवा.

त्या गटाने ठरावीक मर्यादेबाहेरचा आकडा आपोआप रंगावा असा नियम लावला होता. ओळींची नक्कल करून चिकटवताना नियमाचीही नक्कल होत गेली आणि हजारो नियम साचले. ते काढू लागताच सॉफ्टवेअर पुन्हा बंद!

नवे उपकरण

तेव्हा फाइल ‘लिब्रेऑफिस’मधील ‘कॅल्क’मध्ये उघडली. ‘ओपनऑफिस’पासून २०१० साली वेगळा झालेला हा संच विनामूल्य मिळतो, त्यामुळे विद्यार्थ्यांना घरीही वापरता येतो. फाइल सावकाश उघडली, पण उघडली. नियम पुसले आणि ती ‘ओडीएस’ या खुल्या स्वरूपात साठवली. या स्वरूपाला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. मूळ फाइलही जपून ठेवली, कारण एका संचातले मॅक्रो आणि आलेख दुसऱ्यात जसेच्या तसे उतरतातच असे नाही.

नवा व्हर्निअर हाती घेतला की आपण त्याची शून्यत्रुटी पाहतो. म्हणून जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरची उत्तरे ताडून पाहिली. सर्व जुळली. अकराव्या गटाचे गुरुत्वत्वरणही दोन्हींकडे १२.१ मीटर प्रति सेकंद वर्ग आले. हे उत्तर मी पूर्वीच पाहिले होते आणि ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारून त्या मुलांना प्रयोग पुन्हा करायला सांगितले होते.

तपासणीचा भाग म्हणून आकडे मोजण्याची ‘काउंट’ ही आज्ञा दिली. नोंदी १०, पण उत्तर ९! एका चौकटीत शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टाइप झाले होते. डोळ्यांना दिसे ४०.१, संगणकाला तो मजकूर वाटे. बेरजेत ती नोंद धरली गेली नाही, भागाकार मात्र १० नेच झाला. त्यामुळे २० आंदोलनांच्या वेळेची सरासरी सुमारे ४०.१ ऐवजी ३६.१ सेकंद आली. चूक दुरुस्त केली. लांबी १ मीटर होती. उत्तर आले ९.८२.

दोन उपकरणांचे एकमत झाले म्हणून उत्तर खरे ठरत नाही; दोघांनाही दिलेला आकडाच चुकीचा असू शकतो. खरे तर सर्व नोंदी ३९.९ ते ४०.३ यांच्या दरम्यान असताना सरासरी ३६.१ येणे शक्यच नव्हते. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते. निष्काळजी मुले नव्हती, मी होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तसे सांगितले आणि शेरा खोडला.

करून पाहा

१. दहा आकडे लिहा. एकात शून्याऐवजी ‘ओ’ टाइप करा. बेरीज आणि ‘काउंट’ पाहा.

२. चौकटीतले आकडे उजवीकडे आणि मजकूर डावीकडे का सरकतो? याचा चूक शोधायला कसा उपयोग होईल?

३. एका सहाध्यायाला १ ते ६४ मधली एक संख्या मनात धरायला सांगा. ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे किती प्रश्न पुरतील?