सार्वजनिक इमारत सर्वांसाठी : विचार जोत्यापासून

भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर शहापूर हे गाव आहे. शहापूर काय किंवा जिल्ह्यातील अन्य कोणतेही गाव काय, तेथील नागरिकाचा शासनाशी संबंध येतो तो मोजक्या वास्तूंमधून. ग्रामपंचायत कार्यालय, प्राथमिक शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, रास्त भाव दुकान आणि बसथांबा या त्या वास्तू होत. दाखला, शिक्षण, लस, धान्य आणि मतदान हे सारे याच दारांतून मिळते. ज्याला हे दार ओलांडता येत नाही, त्याचा हक्क कागदावर शाबूत असूनही प्रत्यक्षात हिरावला जातो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. हा प्रश्न त्यांच्यापुरताच मर्यादित नाही. गुडघे दुखणारी वृद्धा, गरोदर माता, पाय मोडलेला शेतकरी आणि डोक्यावर धान्याचे पोते घेतलेला मजूर या सर्वांना उंच पायरी सारखीच अडवते. म्हणून सुगम्य वास्तू ही एका गटासाठी केलेली सवलत नसून चांगल्या बांधकामाची कसोटी आहे. अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी याच विचाराला ‘सार्वत्रिक रचना’ असे नाव दिले. मेस स्वतः चाकाची खुर्ची वापरीत असत.

कायद्याची भूमिका

दिव्यांगांसाठी पहिला सर्वंकष कायदा १९९५ मध्ये झाला. त्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली आणि हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यातील दोन कलमे स्थानिक संस्थांनी विशेष लक्षात ठेवावीत अशी आहेत. कलम ४४ अन्वये सुगम्यतेची मानके न पाळणाऱ्या इमारतीस बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ अन्वये अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम्य करावयाच्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच संपली. सार्वजनिक इमारत या संज्ञेत लोकांच्या वापरातील खाजगी इमारतीही येतात. शाळांच्या बाबतीत बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीतही अडथळाविरहित प्रवेशाची अट आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात या नियमांतील एक महत्त्वाची उणीव दाखविली. अधिनियमाला मानके बंधनकारक अभिप्रेत असताना नियमांनी त्यांना शिफारशीचे स्वरूप दिले, असे सांगून न्यायालयाने संबंधित नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक नियम तयार करण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले. सुगम्यता ही ऐच्छिक सोय नाही, हा या निर्णयाचा गाभा होय.

रॅम्पचे गणित

अनेक इमारतींसमोर रॅम्प असतो, परंतु त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही. याचे कारण साध्या त्रैराशिकात आहे. मानकांनुसार रॅम्पचा चढ १ : १२ पेक्षा अधिक तीव्र नसावा. जोत्याची उंची जितकी, त्याच्या किमान बारापट लांबी हवी. १५ सेंटिमीटरच्या चार पायऱ्या म्हणजे ६० सेंटिमीटर उंची, तिला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. त्याऐवजी दोन मीटरचा रॅम्प बांधला, तर चढ सुमारे १ : ३ होतो. अशा चढावर खुर्ची ढकलणाऱ्याचाही तोल जातो आणि उतरताना ती हातून सुटण्याची भीती असते. असा रॅम्प तपासणीच्या रकान्यात ‘आहे’ म्हणून नोंदला जातो, वापरासाठी मात्र नसल्यातच जमा.

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. तलावांचा आणि धानाचा हा जिल्हा. पावसाळ्यात अंगणात पाणी साचते, म्हणून जोते उंच घेण्याची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे. परंतु जोते उंच घेण्याचा निर्णय झाला, त्याच वेळी रॅम्पच्या लांबीचाही निर्णय झाला पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर समोर जागा उरत नाही, अंदाजपत्रकात तरतूद उरत नाही आणि मग शिल्लक सिमेंटमधून दोन मीटरचा उतार ओतला जातो.

जागा अपुरी असल्यास दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे रॅम्प मध्ये सपाट टप्पा देऊन वळविणे. या टप्प्यावर खुर्ची वळण्यासाठी किमान दीड मीटर लांब-रुंद जागा ठेवावी. दुसरा उपाय भरावाचा. फाटकापासून दारापर्यंतची वाट सहा मीटरच्या अंतरात ३० सेंटिमीटर उंचावली, तर तिचा चढ १ : २० असा सौम्य होतो आणि उरलेल्या ३० सेंटिमीटरसाठी केवळ ३.६ मीटरचा रॅम्प पुरतो. मात्र भरावामुळे पाण्याचा निचरा अडणार नाही, याची काळजी घ्यावी.

रॅम्पची रुंदी किमान १२० सेंटिमीटर असावी आणि दोन्ही बाजूंस हाताला आधार देणारे कठडे असावेत. पृष्ठभाग गुळगुळीत घोटू नये. विदर्भातील पावसाळ्यात अशा पृष्ठभागावर शेवाळ धरते आणि रॅम्पच अपघाताचे कारण ठरतो. म्हणून पृष्ठभाग खरबरीत ठेवून तो वेळोवेळी घासून घ्यावा.

दारापलीकडे

रॅम्प चढून आलेल्या व्यक्तीला दार अरुंद लागले, तर सारा खर्च वाया जातो. दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर असावी आणि उंबरठा शक्यतो नसावाच. ग्रामीण भागात अनेक दिव्यांग हाताने चालवायची तीनचाकी सायकल वापरतात. ती चाकाच्या खुर्चीपेक्षा लांब व रुंद असते. गुरे आत येऊ नयेत म्हणून फाटकाशी बसविलेला अडसर तिलाही अडवतो. तेव्हा फाटकाचा विचार दारासोबतच करावा.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग स्वच्छतागृहाचा. शाळेत स्वच्छतागृह वापरता येत नाही म्हणून मूल दिवसभर पाणी पीत नाही आणि पुढे शाळेत येणेच थांबवते. निदान एका स्वच्छतागृहात खुर्ची वळेल एवढी जागा, बैठकीचे भांडे, भिंतीला घट्ट आधारदांडे आणि बाहेर उघडणारे दार असावे. दार आत उघडत असेल, तर आत पडलेल्या व्यक्तीमुळेच ते अडते आणि मदत पोहोचत नाही.

दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी पायऱ्यांच्या कडांवर ठळक पिवळा पट्टा ओढण्यास थोडासा रंग पुरतो. पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केल्या. १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसविण्यात आल्या आणि आज त्या भारतातील रेल्वे फलाटांवरही दिसतात. कर्णबधिर व्यक्तींपर्यंत ग्रामसभेची दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावरील सूचना पोहोचत नाही. त्यांच्यासाठी तीच सूचना मोठ्या अक्षरांत फलकावर लिहावी. महामार्गालगतच्या गावांत बसथांब्यापर्यंतची वाट सलग व सपाट असणे हेही तितकेच आवश्यक आहे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो. मात्र नव्या इमारतीतील रॅम्प, रुंद दार व सुयोग्य स्वच्छतागृह यांचा खर्च या निधीवर टाकण्याचे कारण नाही. तो त्या इमारतीच्या मूळ अंदाजपत्रकाचाच भाग असावयास हवा. भिंतीला जसा पाया, तसा दाराला रॅम्प.

अंदाजपत्रकास मान्यता देताना पंचायत सदस्यांनी पाच गोष्टी विचाराव्यात. जोत्याची उंची किती? रॅम्पची लांबी तिच्या बारापट आहे काय? दाराची मोकळी रुंदी किती? स्वच्छतागृहापर्यंत एकही पायरी न चढता जाता येते काय? पावसाळ्यात वाट कोरडी राहील काय? काम पूर्ण झाल्यावर हीच मापे फीत लावून पुन्हा घ्यावीत. शाळेतील उच्च प्राथमिक वर्गाच्या विद्यार्थ्यांनाही ती घेता येतील. गुणोत्तराचा धडा त्यांना याहून चांगल्या रीतीने शिकविता येणार नाही.

या मोजणीच्या वेळी गावातील एखाद्या दिव्यांग व्यक्तीला बोलावून तिला स्वतः दारापर्यंत येण्यास सांगावे. तिला कोणाच्याही आधाराविना आत येता आले, तर इमारत पूर्ण झाली असे समजावे. येता आले नाही, तर पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी काम दुरुस्त करून घ्यावे.